स्वादुपिंडदाह, तीव्र : उशिराचे परिणाम

स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज ओसरल्यावर आठवड्यांनी, महिन्यांनी किंवा वर्षांनी डोके वर काढणारे विकार. बहुसंख्य रुग्ण आठवडाभरात घरी जातात. घोळ त्यानंतर होतो, कारण दुखणे थांबले की तपासणीही थांबते.

२०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणाने ४ आठवड्यांची सीमारेषा मानली. तोवर साचलेल्या द्रवाभोवती भिंत तयार होते. आत नुसता द्रव असल्यास तो छद्मकोष. जठर दाबले गेले तर दोन घासांतच पोट भरते. त्रास नसलेला छद्मकोष पुष्कळदा आपोआप विरतो. आत मृत ऊतक असून त्यात पू झाल्यास पूर्वी थेट पोट उघडत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीनंतर आधी नळीने निचरा आणि भागले नाही तरच शस्त्रक्रिया, हा क्रम रूढ झाला. प्लीहेच्या शिरेत गुठळी झाल्यास यकृत धडधाकट असूनही रक्ताची उलटी होऊ शकते.

मधुमेह मात्र गाजावाजा न करता येतो, सौम्य झटक्यानंतरही. त्यामुळे साखर दरवर्षी पाहावी. पाचकरस कमी पडले तर मळ तेलकट, फिकट, उग्र वासाचा होतो, पाणी ओतूनही भांड्याला चिकटून राहतो. वजन उतरते, ड जीवनसत्त्व घटून हाडे ठिसूळ होतात. यावर जेवणाच्या घासांबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. त्या बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. वडोदऱ्यासारख्या शहरात शाकाहारी रुग्णाला हे आधीच सांगितलेले बरे.

मध्य गुजरातेतील रुग्णांचा मोठा आधार असलेले वडोदऱ्याचे सर सयाजीराव जनरल रुग्णालय १९४९ मध्ये सुरू झालेल्या बडोदा वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. शहरातल्या दांडिया बाजारातील मराठी घरांपासून आदिवासी पाड्यांपर्यंत, तिथे येणाऱ्या सर्वांना सल्ला एकच: पित्ताचा खडा कारण असेल तर पित्ताशय शक्यतो त्याच मुक्कामात काढावे. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणणाऱ्याला दिवाळीआधीच दुसरा झटका येऊ शकतो. दारूचा प्रश्न नाजूक. गुजरातसारख्या दारूबंदीच्या राज्यात खरे उत्तर मिळवायला डॉक्टरांना नातेवाइकांना बाहेर बसवावे लागते. पिणे आणि धूम्रपान चालू राहिल्यास झटके पुन्हा येऊन दाह जुनाट होण्याची शक्यता बरीच वाढते. चाळिशीनंतर कारण न सापडलेल्या झटक्यामागे क्वचित स्वादुपिंडाचा कर्करोग दडलेला असतो; म्हणून सूज उतरल्यावर पुन्हा स्कॅन करतात.