सहा आणि तेरा

सरकारी कार्यालयाचे वीजबिल ०६ या खर्चाच्या हेडमधून जाते आणि पंखा १३ मधून येतो. ०६ म्हणजे दूरध्वनी, वीज व पाणी शुल्क. १३ म्हणजे कार्यालयीन खर्च. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत माझी सगळी नोकरी लेखा शाखेत झाली. देयके तयार करायची, उपकोषागारात पाठवायची, हरकत लागून परत आली की दुरुस्त करायची. या दोन हेडांचा एकमेकांशी हिशेब झालेला मी कधी पाहिला नाही. तेरातून स्वस्त पंखा आणला की सहाचे बिल वाढते. तेरातून चांगला पंखा आणला तर सहात पैसे उरतात, पण ते तेराला मिळत नाहीत. मार्चमध्ये ते समर्पित करावे लागतात आणि पुढच्या वर्षीचे अनुदान तेवढे कापून येण्याची धास्ती असते. सरकारी इमारतीत वीज वाया का जाते असे कुणी विचारले की लोक शिपायाकडे बोट दाखवतात, दिवे चालू ठेवून गेला म्हणतात. माझे बोट या दोन आकड्यांकडे जाते.

या दोन्ही गावांच्या कचेऱ्या विजेच्या आधीच्या. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. मोरोपंतांना आश्रय देणारे सावकार ते हेच. पुढे मामलेदार कचेरी, कोर्ट, पोलीस ठाणे अशी सरकारी कामे त्याच वाड्यात कित्येक वर्षे चालली. इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांच्या गढीत तहसील कचेरी होती. लहानपणी वडिलांबरोबर सातबाऱ्याच्या कामाला गेले की वाड्याच्या देवडीत शिरताच अंगावर येणारा गारवा मला अजून आठवतो. बाहेर एप्रिलचे ऊन आणि आत हात हात जाडीच्या भिंती. वीज यायच्या आधी कारकून खिडकीशी बसत, कारण लिहायला उजेड तिथेच असे. अंधार पडायच्या आत दप्तर बांधले जाई. तेव्हाच्या कचेरीला ऊर्जेचा खर्च म्हणजे रॉकेल, वाती आणि कंदिलाच्या काचा. मोठ्या साहेबाच्या डोक्यावर दोरीचा पंखा असलाच तर तो ओढणाऱ्याचा पगार.

नीरा डाव्या कालव्याचे काम १८७६ च्या दुष्काळात सुरू झाले आणि १८८५ च्या सुमारास कालवा वाहू लागला. त्याच्या कडेने पाटबंधारे खात्याचे बंगले उभे राहिले: चहूबाजूंनी व्हरांडा, उंच छप्पर, वरच्या बाजूला गरम हवा जायला झडपा, अंगणात वडा-लिंबाची झाडे. बांधणाऱ्यांना या मुलखाचा उन्हाळा ठाऊक होता आणि तो यंत्राने हटवण्याची सोय त्यांच्याजवळ नव्हती, म्हणून तो बांधणीतच अडवला गेला. हे ज्ञान पुढे आपण हातातून जाऊ दिले याचे मला मनापासून वाईट वाटते. नंतरच्या सरकारी इमारतींना पातळ भिंती, सपाट स्लॅब आणि पश्चिमेला काचेच्या खिडक्या आल्या. स्लॅब दुपारनंतर असा तापतो की वरच्या मजल्यावरचे पंखे गरम हवाच खाली ढकलत राहतात.

बारामती आणि इंदापूर या दोन्ही नगरपालिका १८६५ च्या. जिल्हा नगरपालिकांसाठीच्या १९०१ च्या मुंबई कायद्यात रस्ते, सार्वजनिक जागा आणि इमारती यांवर दिवाबत्ती करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य होते. उजेड देण्याचे कर्तव्य कायद्यात १९०१ साली होतेच, आणि तो उजेड जपून वापरण्याचे आले २००१ साली. मधली शंभर वर्षे सरकारी कार्यालयाला कायद्याने विजेबद्दल एवढेच सांगितले होते, की बिल भरा.

वीज आली तीसुद्धा सगळीकडे एकदम नाही. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात कळंबजवळ साखर कारखाना उभा केला, त्याचे वालचंदनगर झाले. पुढे भवानीनगरचा छत्रपती, बारामतीकडे माळेगाव आणि सोमेश्वर असे सहकारी कारखाने आले. साखर कारखाना चिपाडे जाळून वाफ करतो आणि वाफेवर आपली वीज आपणच काढतो. तिथे वीज वाचवणारा आणि पैसे वाचवणारा एकच असतो. सहवीजनिर्मिती सुरू झाल्यावर तर वाचलेले युनिट विकताही येऊ लागले, त्यामुळे कोणती मोटार किती खाते हे फोरमनला तोंडपाठ असते. त्याच तालुक्यातल्या सरकारी कार्यालयात जा आणि मागच्या महिन्यात किती युनिट जळले ते विचारा. रक्कम सांगतील, युनिट सांगता येणार नाहीत. देयकावर रक्कम लागते, युनिट लागत नाहीत.

१९६० च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत तारा गावोगाव पोचल्या. मी नोकरीला लागले तेव्हा कार्यालयात चार फुटी जाड ट्यूब होत्या, चाळीस वॅटच्या. त्यांचा तांब्याचा चोक स्वतःच बारा-पंधरा वॅट खाई, म्हणजे एक पट्टी पन्नासच्या पुढे जाई. पंख्याचा रेग्युलेटर लाकडी बोर्डावरचा मोठा, काळा. पंखा एकवर केला की आपण वीज वाचवली असे वाटे, पण त्या रेग्युलेटरमध्ये रोधाची तार असे आणि कमी केलेला दाब उष्णता होऊन तिथेच जाई. हात लावला तर चटका बसे. हे मला सांगितले आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वायरमनने. म्हणाले, "बाई, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर घ्या, महिन्याला फरक दिसेल." मी टिपणी ठेवली. टिपणी परत आली: जुने रेग्युलेटर चालू स्थितीत आहेत, निर्लेखन करता येत नाही. नियम पाळूनच ती परत आली होती. डेड स्टॉक रजिस्टरला वस्तू मोडली की नाही एवढेच कळते. ती किती वीज खाते याचा त्या रजिस्टरात रकानाच नाही.

सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईने जगभर सरकारे जागी झाली. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने आपल्या सरकारी इमारतींसाठी वस्तूच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च मोजण्याची पद्धत आणली, जपानने १९७९ मध्ये ऊर्जाबचतीचा कायदा केला. आपल्याकडे १४ डिसेंबरचा ऊर्जा संवर्धन दिन आला, महाराष्ट्रात १९८५ साली महाऊर्जा ही राज्याची ऊर्जा संस्था स्थापन झाली. तालुक्याच्या कार्यालयात याची खूण म्हणजे भिंतीवरची भित्तिपत्रके.

खरी जाग आली ती भारनियमनाने. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ साली बंद पडला आणि २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने अंधारात काढली. ज्या गावांनी संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी शेतीपंप आपणहून बंद ठेवले, त्यांना घरगुती वीज अखंड देण्याची अक्षय प्रकाश योजना त्याच काळातली. तेव्हा गावकऱ्यांनी एकमेकांवर लक्ष ठेवून पंप बंद ठेवले, आणि आम्ही कार्यालयांनी काय केले? इन्व्हर्टर घेतले. सातबारा संगणकावर आला होता, सेतू केंद्रापुढे रांगा होत्या, काम थांबवता येत नव्हते हे खरेच. पण बॅटरी भरताना आणि सोडताना वीज गळते, ती बिलात येते. बॅटऱ्या तेरातून आल्या, गळती सहात गेली. सगळ्या तालुक्याला टंचाई सोसावी लागत असताना कार्यालयाची मागणी उलट वाढली, ही गोष्ट मला तेव्हाही डाचत होती.

कायदा मधल्या काळात झाला होता. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१; १ मार्च २००२ पासून केंद्रात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो. प्रत्येक राज्याने एक पदनिर्देशित संस्था नेमायची, महाराष्ट्रात ती महाऊर्जा. २००६ पासून उपकरणांवर वीजबचतीची श्रेणी दाखवणारे तारे आले. २००७ साली इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आली, आणि इथे आमचे तालुके सुटले. ती संहिता मोठ्या इमारतींसाठी. पुढे मर्यादा खाली आणली तीही शंभर किलोवॅट जोडभारापर्यंत. तहसील, पंचायत समिती, प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस ठाणे यांतल्या बहुतेकांचा भार त्याच्या आतच. एकेक इमारत लहान, पण राज्यात तालुके साडेतीनशेच्या वर आहेत आणि प्रत्येक तालुक्यात अशी कार्यालये, शाळा, दवाखाने पसरलेले आहेत. कायद्याचे लक्ष मुंबई-पुण्याच्या काचेच्या मनोऱ्यांवर गेले, हे मी समजू शकते. पण सरकारची स्वतःची वीज या बारीक ठिकाणी जळते.

शिवाय इमारत कुणाची हा प्रश्न राहतोच. तहसील कचेरी सार्वजनिक बांधकाम विभागाची, तिचे वायरिंग त्यांच्या विद्युत शाखेचे, बिल महसूलचे. शाळा जिल्हा परिषदेची, तिचे बिल मुख्याध्यापकांनी तुटपुंज्या शाळा अनुदानातून भरायचे, नाहीतर लोकवर्गणीतून. डिजिटल शाळेचा फलक दारावर आणि थकबाकीमुळे मीटर काढून नेलेला, अशा शाळा महाराष्ट्रात कमी नाहीत. गावच्या दिवाबत्तीचे बिल अनेक वर्षे शासन परस्पर भरत होते, नंतर ते ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीवर आले. जोवर शासन भरत होते तोवर दिवसाही जळणारा खांबावरचा दिवा कुणाला खुपत नव्हता. निधी आपला झाल्यावर सरपंच टायमर विचारायला लागले. माणसे तीच होती, पैसे कुणाच्या खिशातून जातात एवढाच फरक पडला.

२०१७ हे वर्ष मी विसरणार नाही, कारण त्या एका वर्षात कागद बरेच हलले. राज्याचे ऊर्जा संवर्धन धोरण आले. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांच्या नव्या आवृत्तीत, ठरवून दिलेली विजेची उपकरणे घेताना ताऱ्यांची किमान श्रेणी पाहण्याचे कलम आले. राज्याने सरकारी खरेदीचे जेम पोर्टल स्वीकारले. सार्वजनिक बांधकाम विभागाने ईईएसएल या केंद्राच्या ऊर्जा कंपनीशी करार केला, राज्यातल्या सुमारे दीड हजार सरकारी इमारतींतले दिवे, पंखे, एसी बदलण्याचा. त्यातली पैशाची पद्धत मला फार आवडली. आधी पैसे कंपनीने घालायचे आणि कार्यालयाने वाचलेल्या बिलातून ते फेडायचे. म्हणजे सहातल्या बचतीतून तेराचे काम. लेखा शाखेत आयुष्य गेलेल्या बाईला यापेक्षा सरळ उपाय सुचला नसता.

खरेदीची रीत मात्र जुन्याच वळणावर राहिली. राज्याचे खरेदी धोरण १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाचे. रक्कम मोठी असेल तर ई-निविदा, लहान असेल तर तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, आणि सर्वात कमी दराला मान्यता. त्या तक्त्यात किंमत असते, हमी असते, पुरवठ्याची मुदत असते. वॅट लिहायला रकाना आपण ठेवला तर असतो. साधा पंखा पंचाहत्तर वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा तिसाच्या आसपास. दिवसाला आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस धरले तर एका पंख्यामागे वर्षाला नव्वद युनिट वाचतात. चाळीस पंख्यांच्या कार्यालयात छत्तीसशे युनिट. युनिटला दहा रुपये धरा, छत्तीस हजार रुपये झाले, दरवर्षी. किमतीतला फरक काही वर्षांत फिटतो आणि पंखा त्यानंतरही बरीच वर्षे फिरतो. हे गणित करायला अभियंता लागत नाही. पण फिटेपर्यंत थांबायची मुभा कार्यालयप्रमुखाला नसते. तोवर त्यांची बदली झालेली असते, आणि महाग वस्तू का घेतली हा लेखापरीक्षकाचा प्रश्न मागे राहिलेल्या कारकुनाला येतो. म्हणून निविदेच्या अटींतच श्रेणी लिहावी लागते. एकदा पाच तारे अशी अट आत गेली की सर्वात कमी दर पाच ताऱ्यांमधलाच लागतो, आणि कारकुनाला भ्यायचे कारण उरत नाही. ज्या कार्यालयांनी ही एक ओळ लिहिली त्यांची बिले उतरली. मी ती हाताळली आहेत.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाने पाच दिवसांचा आठवडा केला. त्यामागच्या कारणांत वीज आणि इंधनाची बचतही होती. रोजची वेळ पाऊण तासाने वाढली, पावणेदहा ते सव्वासहा. हिवाळ्यात शेवटचा अर्धा तास दिवे लावूनच जातो, तरी सगळी इमारत दोन दिवस बंद राहते ही बचत मोठी. वॉटर कूलर आणि संगणकाचे यूपीएस शुक्रवारी संध्याकाळी मुख्य बटणावरून बंद केले तरच, एवढे मात्र कुणीतरी पाहावे लागते.

आता छतांवर सौरपट्ट्या येत आहेत. बारामतीच्या शिर्सुफळला महानिर्मितीचा सौरप्रकल्प होऊन दहा वर्षे उलटली, आणि २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेनंतर सरकारी इमारतींच्या छपरांनाही वेग आला आहे. मला याचा आनंद आहे. काळजी एवढीच आहे की बिल खाली आल्यावर पंचाहत्तर वॅटचा पंखा आणखी वीस वर्षे कुणाच्या नजरेस पडणार नाही. आधी खाणे कमी केले असते तर पट्ट्याही कमी लागल्या असत्या.

शासनाकडे माझी मागणी लहान आहे आणि ती मी निवृत्तीनंतरही लिहून पाठवत असते. तालुक्यातल्या कार्यालयप्रमुखाला ०६ मधली सिद्ध झालेली बचत त्याच वर्षी १३ मध्ये वळवण्याचा अधिकार द्यावा, फक्त तारांकित उपकरणांसाठी आणि मागच्या तीन वर्षांची युनिटे जोडण्याच्या अटीवर. पुनर्विनियोजनाची तरतूद अर्थसंकल्पाच्या नियमांत आहेच, ती मंत्रालयातून तालुक्यापर्यंत खाली आणायची आहे. आणि डेड स्टॉक रजिस्टरात वॅटचा रकाना वाढवावा.