एक गुरू, दोन शिष्य

गुरूने दिलेला धडा शाळेच्या चार भिंतींत संपत नाही, याची साक्ष देणारी एक कथा आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासात आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी तिचे स्मरण उचित ठरेल.

जयपूरचे पंडित अर्जुनलाल सेठी (१८८०-१९४१) हे त्या काळचे पदवीधर. मानाच्या नोकरीची वाट सोडून त्यांनी जैन वर्धमान विद्यालय चालविले. धर्मशास्त्राच्या जोडीने तेथे देशभक्तीचे संस्कार होत. विद्या केवळ पोटासाठी नसून समाजासाठी आहे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. या शिकवणीच्या ओढीने आपल्या जिल्ह्यातील मोतीचंद शहा आणि करमाळ्याचे देवचंद कस्तुरचंद शहा हे तरुण जयपूरला गेले.

मोतीचंद क्रांतिकार्यात ओढले गेले. निधी मिळविण्याच्या हेतूने १९१३ मध्ये बिहारमधील निमेज येथील महंताची हत्या झाली. त्या खटल्यात १९१५ साली मोतीचंदांना फाशी झाली. सेठीजींनीही दीर्घ कारावास भोगला. वेल्लोरच्या तुरुंगात जिनदर्शनाविना अन्न न घेण्याच्या व्रतासाठी त्यांनी उपोषण केले.

देवचंदांनी दुसरी वाट धरली. १९१८ मध्ये त्यांनी कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला व १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबली येथे गुरुकुल उभे केले. धार्मिक व लौकिक शिक्षणाची सांगड घालणाऱ्या या गुरुकुलांतून अनेक पिढ्या घडल्या. १९५२ मध्ये मुनिदीक्षा घेतलेले हेच पूज्य समंतभद्र महाराज. १९८८ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

अहिंसा हा परमधर्म मानणाऱ्या आपल्या समाजाला मोतीचंदांच्या मार्गाचे समर्थन करता येणार नाही. पण त्यांचा त्याग विसरणे ही कृतघ्नता होईल. धडा एकच होता: आयुष्य स्वतःपुरते नाही. तो कोणत्या साधनांनी आचरावा, याचा निर्णय मात्र प्रत्येक शिष्याला स्वतःच घ्यावा लागला. त्यागाला विवेकाची जोड मिळाली म्हणजे त्यातून गुरुकुले उभी राहतात, हे देवचंदांनी दाखवून दिले.

पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हिशेब मांडताना किती इमारती बांधल्या हे आपण अभिमानाने सांगतो. इतरांसाठी जगणारे किती विद्यार्थी घडविले, हा प्रश्नही आपण स्वतःला विचारावा. या गुरु-शिष्यांना तेच खरे अभिवादन ठरेल.