गाडीचे ओझे आणि संकटाची वेळ



पावसाळा आला की नदीकाठच्या गावांना एकच धास्ती असते. रात्री पाणी चढले तर घरातले काय काय हलवायचे आणि कशावर हलवायचे? आता दारात ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे, तेव्हा काळजी कशाची, असे आपण म्हणतो. पण ट्रॉली किती ओझे सोसते, हे विचारले तर दहातले आठ जण म्हणतात, "भरेल तेवढे!" या उत्तरातच धोका आहे. म्हणून या पत्रकात गाडी, धाव, टायर आणि ओझे यांची जुनी हकीकत सांगतो. तिच्यातून आजच्या कामाचेही काही हाती लागेल.

आपले मनमाड हे ओझ्याचेच गाव. १८७६ ते ७८ या सालांत दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. त्याच काळात, १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. पुढे इथूनच निजामाच्या मुलुखात जाणारी मीटर गेजची, म्हणजे अरुंद रुळांची गाडी निघाली. रुंद रुळांवरचा डबा अरुंद रुळांवर जात नाही. त्यामुळे कित्येक वर्षे मनमाडला माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात पाठीवर वाहून भरावा लागे. १९९० नंतरच्या दशकात मराठवाड्याकडचे रूळ रुंद झाले, तेव्हा ती हमाली संपली.

त्या दुष्काळाने एक धडा शिकवला. दक्षिणेत रेल्वेने धान्य आले, पण कित्येक ठिकाणी ते स्टेशनातच पडून राहिले. गावापर्यंत न्यायला बैलच उरले नव्हते. चारा-पाण्यावाचून बैल मेले होते, जे जगले त्यांच्यात ओढायची ताकद नव्हती. म्हणजे धान्य होते, रूळ होते, पण शेवटचे चार-पाच कोस पार करणारी गाडी नव्हती. संकटात शेवटचा टप्पाच महत्त्वाचा असतो, आणि तो आपल्या गावच्या गाडीवर अवलंबून असतो.

आता चाकाकडे वळू. जुन्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवायची, तो गावातला एक सोहळाच असे. लोहार गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल करी, ती चाकावर चढवून वर पाणी ओतले की आवळून घट्ट बसे. असे चाक वर्षानुवर्षे टिके. पण धाव अरुंद, त्यामुळे चिखलात ती सुरीसारखी रुते आणि सगळा भार बैलाच्या मानेवर येई.

रबरी हवेचा टायर लोकांत रुळवला तो एका गुरांच्या डॉक्टराने, हे ऐकून नवल वाटेल. जॉन बॉयड डनलॉप हा आयर्लंडमधील बेलफास्टचा पशुवैद्य. १८८८ साली त्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला. तो टायर पुढे आपल्या बैलगाडीलाही लागला, आणि काही भागांत गाडीलाच ‘डंलप’ म्हणू लागले. टायर रुंद असतो, दबतो, भार जास्त जागेवर पसरवतो. म्हणून तीच बैलजोडी जास्त ओझे कमी कष्टात ओढते.

हा फरक सरकारनेही आकड्यांत मांडला. १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याखाली १९६५ साली ओढकामाच्या जनावरांचे नियम झाले. दोन चाकी गाडीसाठी मोठ्या बैलामागे टायर नसेल तर ९०० किलो आणि टायर असेल तर १३५० किलो अशी मर्यादा ठरली. म्हणजे बरोबर दीडपट. किलोमीटरभर किंवा त्याहून लांब चढ असेल आणि तो तीस मीटरला तीन मीटरपेक्षा जास्त उभा असेल, तर ओझे निम्मे करायचे. गाडीवान आणि सहा वर्षांखालील मुले सोडून चारपेक्षा जास्त माणसे बसवायची नाहीत. बैल सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपायचा नाही. बंधूंनो, बैलासाठी एवढा हिशेब मांडला गेला, कारण बैल थकला की खाली बसतो, सर्वांना दिसतो. टायर बसत नाही, तो एकदम फुटतो.

नेमके इथेच आपण फसतो. ओझे टायरचे रबर पेलते, असे वाटते. खरे तर ते आतली हवा पेलते. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, तापतो आणि कडेने फाटतो. शेतात माती दबू नये म्हणून काही जण टायरची हवा कमी करतात आणि रस्त्यावर येताना पुन्हा भरायला विसरतात. शिवाय ट्रॉली महिनोन्‌महिने उन्हात उभी असते. रबराला बारीक चिरा पडतात. मी एकदा कांद्याने भरलेली ट्रॉली भर चढावर एका अंगाला बसलेली पाहिली. मालक म्हणाला, "साहेब, काल तर हवा बघितली होती." बघितली होती ती पायाने लाथ मारून! हवा मापानेच तपासावी. किती हवा आणि किती ओझे, हे टायरच्या कडेवर उठवलेले असते. ट्रॉलीचे मंजूर वजन नोंदणीच्या कागदावर असते.

आता एक हिशेब करू. समजा, ट्रॉलीचे मंजूर ओझे ३००० किलो आहे. चार गाई, सरासरी ३५० किलोच्या, म्हणजे १४०० किलो. पाण्याचे दोन भरलेले पिंप, ४०० किलो. धान्याची पन्नास किलोची दहा पोती, ५०० किलो. भिजलेला चारा ३०० किलो. झाले २६०० किलो. एवढ्यात कोणीतरी म्हणते, "चाळीतला कांदा तरी थोडा घेऊ." वीस गोण्या चढतात, म्हणजे आणखी १००० किलो. ओझे ३६०० वर गेले. चाळीतला कांदा म्हणजे वर्षाचा पैसा, तो सोडवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ट्रॉली फरशी पुलाच्या तोंडाशी बसली, तर कांदाही जातो, गुरेही जातात आणि मागच्यांची वाटही अडते. वेळ असेल तर कांदा आदल्या दिवशी हलवावा. गुरांना पाय आहेत, पाणी चढण्याआधी त्यांना चालत उंचावर न्यावे.

ओझे किती याइतकेच ते कुठे ठेवले, हेही पाहावे. आपल्या वाडवडिलांकडे याला दोन नेमके शब्द होते. मागे जड झालेली गाडी ‘उलाळ’, पुढे जड झालेली ‘धुरजड’. दोन चाकी ट्रॉलीलाही हेच लागू. उलाळ ट्रॉली हूक वर उचलते, मग ट्रॅक्टरची मागची चाके घसरतात. धुरजड ट्रॉली हूक दाबते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून जड वस्तू खाली आणि आखाच्या किंचित पुढे ठेवावी. बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. उतारावर खालच्या गिअरमध्येच उतरावे, न्यूट्रल कधीही करू नये.

जास्त भार म्हणजे काय, हे ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळने पाहिले. कृष्णेच्या महापुरातून माणसे बाहेर काढणारी नाव जास्त माणसांमुळे उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. वाचवायला निघालेलेच साधन घात करून गेले. आपल्या तालुक्यातही सप्टेंबर २०२१ मध्ये नांदगाव शहरात नदीचे पाणी शिरले होते. मनमाडकडे पाण्याची ओरड कायमची, म्हणून इथे पूर येत नाही, असे मानून चालू नये.

तेव्हा एवढे करा:

१. मृगाच्या आधी ट्रॉलीचे टायर, जादा चाक, जॅक, हुकाची पिन आणि साखळी तपासा.

२. मंजूर ओझे ट्रॉलीच्या फळीवर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहा.

३. ट्रॉली माणसे नेण्यासाठी नाही. माणसांसाठी बस, जीप आधी सांगून ठेवा. दुसरा इलाजच नसेल, तर माणसांची खेप वेगळी करा, सर्वांना खाली बसवा. कडेवर किंवा हुकावर कोणी बसू नये.

४. फरशीवरून पाणी वाहत असेल, तर गाडी घालू नका. दोन खेपा आधी करा, एक खेप उशिरा नको.

५. तलाठी, पोलीस पाटील यांना वेळेवर कळवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

बंधूंनो, बैल मुका असला तरी डोळ्यांनी सांगतो, टायर तेही सांगत नाही. त्याच्या वतीने हिशेब आपणच मांडायचा, आणि तो कोरड्या दिवसात मांडायचा.