ओसीआय कार्ड, विवाहाधारित

भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकाच्या परदेशी जोडीदाराला भारतात आजीव राहण्याची मुभा देणारी नोंदणी (पहा : नागरिकत्व). नागरिकत्व अधिनियम, 1955 मध्ये 2015 साली दुरुस्ती होऊन कलम 7अ मध्ये जोडीदाराचा समावेश झाला. त्याआधी पीआयओ (पर्सन ऑफ इंडियन ओरिजिन) कार्ड मिळे. विवाह नोंदलेला आणि अर्जापूर्वी सलग किमान 2 वर्षे टिकलेला लागतो. सुरक्षाविषयक तपासणीही होते. घटस्फोट झाल्यास कार्ड रद्द होऊ शकते (कलम 7ड). नावात ‘सिटिझन’ असले तरी मतदानाचा हक्क नाही. विवाहाच्या आधारे नागरिकत्वाचा अर्ज करण्यासाठी 7 वर्षांचे वास्तव्य लागते.

कार्डधारक रायगड किनाऱ्यावर स्थायिक होऊ लागला की खरी अडचण जमिनीची. कार्डधारकाला घर किंवा सदनिका घेता येते. शेतजमीन, मळा वा फार्महाऊस विकत घेता येत नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडील नारळ-सुपारीच्या वाड्या सातबाऱ्यावर बहुतांशी शेतजमीनच असतात. त्यामुळे खरेदीखत भारतीय जोडीदाराच्या एकट्याच्या नावे करावे लागते, आणि तोही सर्वसाधारणपणे शेतकरी असावा लागतो (पहा : कूळकायदा). वारसाहक्काने आलेली वाडी मात्र कार्डधारकाला स्वतःच्या नावावर ठेवता येते.