आचारी, आचार्य आणि माझा पहिला टाइप

हे वाक्य वाचा: ‘आचार्यांना नमस्कार करा आणि आचाऱ्यांना मीठ कमी घालायला सांगा.’ मराठी माणसाला यात दोन वेगळी माणसं दिसतात. एक शिकवणारा, एक स्वयंपाक करणारा. मी घडवलेल्या पहिल्या टाइपमध्ये मात्र या वाक्यात एकच माणूस होता. तोच शिकवत होता आणि मीठही तोच घालत होता.

झालं असं की मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करून पीएचडीसाठी डिझाइनकडे वळले. पहिल्या वर्षी डिझाइनच्या विद्यार्थ्यांबरोबर मलाही एक अभ्यासक्रम पूर्ण करायचा होता आणि त्याचा प्रकल्प होता: एक मूळ देवनागरी टाइप घडवा. मूळ म्हणजे कुणाची नक्कल नसलेला. मी सत्रभर वळणांवर काम केलं. ‘क’चं पोट किती भरायचं, ‘ग’चा दांडा किती जाड ठेवायचा, यात रात्री घालवल्या. कोणती अक्षरं काढायची याची यादी मात्र एका तयार फाइलमधून उचलली. यादीत काय विचार करायचा असतो, असं तेव्हा वाटलं.

त्या यादीत मराठीतला तो अर्धा ‘र’, म्हणजे ‘ऱ्या’मधली पापणीसारखी आडवी रेघ, नव्हती. त्यामुळे ‘आचाऱ्यांना’ लिहिलं की ‘ऱ’ पाय मोडून वेगळा उभा राहायचा आणि शब्द विद्रूप दिसायचा. सादरीकरण दुसऱ्या दिवशी होतं. मी सरळ मजकूर बदलला आणि रफार टाकला. मार्गदर्शक बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “मग आज स्वयंपाक कोण करणार?”

वर्ग हसला, मीही हसले. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. माझी सगळी वळणं माझी होती, तरी माझ्या टाइपमध्ये माझी भाषा मावत नव्हती. असं का? याचं उत्तर शोधताना मी दोनशे वर्षं मागे गेले. माझ्या संशोधनाचा बराच भाग आज त्याच वाटेवर आहे, म्हणून तुम्हालाही तिकडे नेते.

पोलादात कोरलेलं अक्षर

आज चुकलेलं वळण मी माउसने ओढून सरळ करते. शिशाच्या खिळ्यांच्या काळात ही सोय नव्हती. आधी पोलादाच्या छोट्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तेही छापायचं त्याच आकाराचं. हा झाला पंच. तो कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा, की तांब्यात अक्षराचा खड्डा उमटतो. ती मातृका. मातृका साच्यात बसवून वरून वितळलेला धातू ओतला की एक खिळा तयार. धातू म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनी यांचं मिश्रण. नुसतं शिसं मऊ असतं आणि थंड होताना आकसतं. अँटिमनीमुळे ते कडक होतं, आकसणंही कमी होतं आणि अक्षराच्या कडा स्पष्ट येतात. म्हणजे अक्षराचं सौंदर्य निम्मं कारागिराच्या हातात आणि निम्मं रसायनशास्त्रात.

आता हिशेब करा. मराठीची ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ धरून ३६ व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे ३६ गुणिले १२, एकूण ४३२. त्यात स्वर, आकडे, विरामचिन्हं धरलेली नाहीत आणि जोडाक्षरं तर नाहीतच. प्रत्येकासाठी एक पंच, एक मातृका, आणि जुळाऱ्याच्या पेटीत एक खण. इंग्रजी जुळाऱ्यासमोर असलेल्या खणांच्या कितीतरी पट खण आपल्या जुळाऱ्याला पाठ ठेवावे लागत.

म्हणजे देवनागरी टाइप घडवणाऱ्यासमोर वळणाच्याही आधी एक प्रश्न होता: काय काय कोरायचं आणि काय सोडायचं? यादीचा प्रश्न तेव्हाही पहिलाच होता. मीच तो विसरले होते.

तीन मजल्यांची ओळ

यावर एक उत्तर होतं ‘अखंड’ पद्धतीचं. त्यात अक्षर आणि मात्रा मिळून एकच खिळा ओततात. दिसायला सुबक, पण खिळ्यांची संख्या प्रचंड. दुसरं उत्तर मुंबईच्या छपाईत रुळलं, ते ‘डिग्री’ पद्धतीचं. तिच्यात ओळीचे तीन मजले करतात. मधल्या मजल्यावर अक्षरं, वरच्यावर मात्रा, रफार आणि अनुस्वार, खालच्यावर उकार. तिन्हींचे खिळे वेगळे. त्यामुळे एकच उकार सगळ्या अक्षरांखाली चालतो आणि खिळे एकदम कमी होतात. किंमत जुळारी मोजतो. छापलेली एक ओळ त्याला तीनदा जुळवावी लागते.

किंमत डोळ्यालाही मोजावी लागते. वरच्या मजल्याची उंची आधीच ठरलेली. तिथे साधी एक मात्रा असो की रफार, मात्रा आणि अनुस्वार यांची गर्दी असो, जागा तेवढीच. झिजलेल्या खिळ्यांनी छापलेलं जुनं पुस्तक हातात आलं तर मात्रा आणि शिरोरेषा यांच्यामध्ये बघा. केसाएवढी पांढरी फट दिसेल. ती चूक नाही, ती दोन मजल्यांमधली भिंत आहे.

टाइप घासणारा मुलगा

या सगळ्या कामाची तेव्हा शाळा नव्हती. शिकायचं ते ओतशाळेत. जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९चा. लहानपणीच ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात लागले. काम काय, तर ओतलेले खिळे घासून साफ करायचे. त्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम देवनागरी टाइप घडवत होता. पुढे जावजींनी आणखी छापखान्यांत उमेदवारी केली, १८६४मध्ये स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. पंच कोरायला त्यांच्याबरोबर राणोजी रावजी आरू होते. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांनी या दोघांची अक्षरं देशभर पोचवली.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. खिळे घासणाऱ्या मुलाच्या हाताखालून प्रत्येक खिळा जातो. सतत लागणारा, क्वचित लागणारा, हमखास मोडणारा. वळण काढायच्या आधी त्याला यादी पाठ होते. आमचा अभ्यासक्रम बरोबर उलट्या टोकाने सुरू झाला होता.

इथून गेलेला ‘अ’, तिथून आलेला ‘ल’

देवनागरी म्हटली तरी तिची वळणं सगळीकडे एक नव्हती. उत्तरेत, कलकत्त्याच्या छपाईत, काही अक्षरं वेगळी होती आणि मुंबईत वेगळी. उत्तरेचा जुना ‘ण’ ‘रा’सारखा दिसायचा, ‘अ’ आणि ‘झ’ही निराळे होते. आज हिंदी पुस्तकात डावीकडे तीनच्या आकड्यासारखा दिसणारा जो ‘अ’ असतो, तो मुंबई वळणाचा. ‘झ’ आणि ‘ण’ यांचंही तसंच. निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी ही वळणं आधीच ओळखीची केली होती, प्रमाणीकरणाने त्यांच्यावर शिक्कामोर्तब केलं.

उलट दिशेने ‘ल’ आणि ‘श’ आले. केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६मध्ये मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली, तिच्यातला ‘ल’ उजवीकडे उभा दांडा असलेला. मराठी वळणाचा ‘ल’ पाकळीयुक्त, म्हणजे दोन पाकळ्या वरच्या छोट्या देठाला लटकलेल्या. मराठी ‘श’ देठयुक्त. महाराष्ट्र शासनाने २००९च्या आणि नंतर २०२२च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावेत असं सांगितलं. तुम्ही आत्ता ज्या पडद्यावर हे वाचताय, त्यावरचा ‘ल’ जरा बघा. त्याला दांडा असेल तर शासनाचा निर्णय तुमच्या फोनपर्यंत अजून पोचलेला नाही.

यात हिंदीचा दोष नाही. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. पण जे यादीत बसलं ते टिकलं, हे खरं.

पेटी गेली, यादी राहिली

शिसं गेलं तरी हिशेब तोच राहिला. लिपिसुधारणेचे वाद आठवा. सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अि’, ‘अी’ अशी ‘अ’ची बाराखडी घ्या किंवा टंकलेखन यंत्रावरच्या मर्यादित कळा घ्या. प्रश्न एकच: किती चिन्हांत भागवायचं?

संगणकावर जागेचा प्रश्न सुटला असं वाटलं. र. कृ. जोशी (१९३६ ते २००८) यांनी मुंबईच्या आयआयटीत टाइप शिकवला आणि त्यांनी रेखाटलेला ‘मंगल’ विंडोजबरोबर असंख्य संगणकांवर पोचला. युनिकोडमध्ये अक्षराला एक क्रमांक, मात्रेला वेगळा क्रमांक. त्यांची जोडणी फाँटच्या आत लिहिलेल्या नियमांनी होते. नीट पाहिलं तर डिग्री पद्धतीची आठवण येते: सुटे तुकडे, आणि त्यांना जागेवर बसवणारा कुणीतरी. फक्त जुळाऱ्याच्या हाताऐवजी आता नियम आहेत.

आणि इथेच मराठी निसटते. दोन्ही ‘ल’ना युनिकोडचा क्रमांक एकच. मजकूर मराठी आहे असं सांगितलं तर पाकळीचा ‘ल’ दाखव, असा नियम फाँटमध्ये लिहिता येतो. पण तो लिहायला कुणाला तरी तो ‘ल’ काढावा लागतो. पापणीच्या ‘र’चंही तेच. यंत्र नाही म्हणत नाही. यादी करणाऱ्याला आठवत नाही.

म्हणून हा विषय मला निव्वळ हौसेचा वाटत नाही. शिशाच्या काळात पेटीत एखादं अक्षर नसलं तर एका छापखान्याची अडचण व्हायची. आज एखाद्या विद्यार्थ्याचा मोफत फाँट आवडला तर तो पाठ्यपुस्तकात, दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर जातो. त्यात ‘ऱ्या’ नसेल तर लिहिणारा माणूस माझ्यासारखंच करतो, शब्द बदलतो. ‘दऱ्या’ लिहायच्या असतात आणि ‘दर्या’ लिहून मोकळा होतो. दऱ्यांचा समुद्र होतो.

मग ‘मूळ’ म्हणजे काय?

बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्रणावरचा १९७१चा त्रिखंडी ग्रंथ माझ्या टेबलावर कायम असतो. त्यातले जुने नमुने पाहताना लक्षात येतं की पूर्णपणे मूळ टाइप कुणीच घडवलेला नाही. ग्रॅहमच्या छापखान्यात जावजी शिकले, आरूंनी आधीच्या अक्षरांवरून पुढची सुधारली. प्रत्येकाच्या वाट्याला मागच्याच्या काही तडजोडी आल्या. त्यातल्या कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या आता गरज उरली नाही म्हणून सोडायच्या, हा निर्णय मात्र प्रत्येकाचा स्वतःचा होता. माझ्या मते मूळपणा तिथे असतो.

तुमच्यापैकी कुणी टाइप घडवायला बसणार असेल तर माझी एक विनंती आहे. पहिल्या दिवशी अक्षर काढू नका. आईचं पत्र, घरची किराणा यादी, गावच्या जत्रेची पत्रिका, असं काहीही मराठी घ्या आणि त्यातलं प्रत्येक वेगळं चिन्ह एका कागदावर उतरवा. तुमची यादी तिथून सुरू करा. वळणं नंतर येतात.

मी पुढच्या सत्रात तेच केलं. माझी यादी पाचशेच्या पुढे गेली. पापणीचा ‘र’ मी चार वेळा काढला, तरी तो अजून थोडा जाड दिसतो. प्रिंट घेऊन बाईंकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तेच वाक्य शोधलं. चष्म्यातून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “स्वयंपाकाची सोय झाली. आता ‘क’च्या पोटाकडे बघू.”