धर्मांतराची टक्केवारी

गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला पौडला आला, तो संगणक काखोटीला मारूनच. पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारले, "मामा, सतराव्या शतकात मुळशीचा धर्म कोणता लिहू?" इतिहास शिकवण्यात माझी सारी हयात गेली, पण असा प्रश्न मला कोणी केला नव्हता.

प्रकरण असे, की 'युरोपा युनिव्हर्सालिस' नावाचा एक स्वीडिश खेळ आहे. त्याचा चौथा भाग 2013 साली निघाला. 1444 ते 1821 या काळातले एखादे राज्य घ्यावे, फौज, वसुली, तह सांभाळावेत आणि झालेला इतिहास पालटून पाहावा. हौशी लोक त्याच्या फाइली उघडून आपल्या मनाजोगे फेरफार करतात. त्याला 'मॉड' म्हणतात. भाचा नकाशावर बारा मावळ वेगवेगळे पाडत होता. तिथे प्रत्येक प्रांताच्या नावे धर्माची एकच ओळ आणि त्या ओळीत एकच शब्द! धर्म पालटायचा तर प्रचारक पाठवावा. हळूहळू टक्के चढतात, आणि शंभर भरले की अवघा प्रांत एका दिवसात नव्या धर्माचा.

मला हसू आले. आमचे मूळ गाव मुळशीच्या धरणाखाली गेले. 1921 साली सेनापती बापटांच्या मागून ज्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्यांच्यातलीच आमची माणसे. पाणी चढू लागले तेव्हा आजोबांनी आणि गुरवाने देवीचा शेंदरी तांदळा खांद्यावरून वर डोंगरात नेला. गाव दहा ठिकाणी पांगले. पण जत्रेला पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावर अजून वाद होतो. आमच्या खोऱ्यात धर्म चालतो तो या मानपानावर. असो. भाच्याने 'हिंदू' असा शब्द लिहिला आणि मीही हरकत घेतली नाही.

खरी अडचण पुढे आली. दख्खनच्या दरबारांत एका शब्दाने काही भागत नाही. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा (1580 ते 1627) सुलतान, आणि आपल्या गीतांत सरस्वतीला वंदन करणारा. मालोजी भोसल्यांनी शाह शरीफ पिराला नवस केला म्हणून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. यांतले टक्के कोणी मोजावेत?

त्याहून अवघड गोष्ट नेताजी पालकरांची. औरंगजेबाने 1667 साली त्यांना मुसलमान करून महंमद कुलीखान केले आणि दूर काबूलकडे धाडले. 1676 साली ते परत आले आणि महाराजांनी त्यांना प्रायश्चित्त देऊन पुन्हा हिंदू धर्मात घेतले. आता गंमत पाहा. या खेळात धर्म असतो प्रांताला आणि राज्याला, सेनापतीला नसतोच. त्याच कंपनीच्या 'क्रुसेडर किंग्ज' या खेळात माणसामाणसाला धर्म आहे, पण त्याचा काळ 1453 ला संपतो. म्हणजे नेताजी दोन्हींच्या मधल्या फटीत पडले! 2025 साली पाचवा भाग आला. त्यात एका मुलखातल्या लोकांचे गट पाडून त्यांना निरनिराळे धर्म दिले आहेत. सुधारणा खरी.

भाच्याने मग स्वतःच एक प्रसंग रचला. नेताजी दारात उभे आहेत. घ्यायचे की नाही? 'घ्यावे' म्हटले तर राज्याचे स्थैर्य एका अंकाने उतरेल, असे त्याने योजले होते. मी म्हटले, "तसा बखेडा माजल्याचे माझ्या वाचनात नाही. आणि तू फक्त प्रायश्चित्ताचा विचार करतोस. फलटणचे बजाजी निंबाळकर असेच परत आले, असे सांगतात. त्यांच्या मुलाला, महादजीला, महाराजांनी आपली सखूबाई दिली. शुद्धीचा विधी भटजी करतात रे, पण पुढे त्या घरी जेवायला कोण जाणार, मुलगी कोण देणार? ते राजाने आपल्या घरापासून केले."

भाचा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. "मामा, घरची मुलगी देण्याला या खेळात आकडा नाही."

"मग काय लिहिशील?"

त्या जागी त्याने तूर्त शून्य लिहून ठेवले आहे. दिवाळीला येईल तेव्हा पुन्हा बसू म्हणाला.