पानिपतचा खुर्दा

पानिपतच्या म्युझियमच्या दारात रखवालदारानं पहिलाच प्रश्न विचारला, "महाराष्ट्र से? मराठा?"

मी क्षणभर गप्प. आमच्या गावात हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. गरजच नाही. मराठा कोण आणि आपण कोण, हे तिथं पाणवठ्यापासून मसणवट्यापर्यंत ठरलेलं. इथं मात्र महाराष्ट्रातून आला तो मराठा, एवढा साधा हिशेब. मी म्हणालो, "हां जी." त्यानं खुर्ची पुढं केली, चहा मागवला. आयुष्यात पहिल्यांदा मराठा म्हणून चहा प्यालो. गोड होता. घशात जरा अडकला.

म्युझियमला जायचं खरं तर मनात नव्हतं. सूतगिरणीतला माझा एक जोडीदार पानिपतला फिटर म्हणून लागलाय, त्याच्याकडं चार दिवस गेलो होतो. आज पानिपत म्हणजे लढाई नव्हे, चिंध्या. परदेशातले जुने लोकरी कपडे गठ्ठे बांधून तिथं येतात. स्वेटर, कोट, मफलर. बाया खाली बसून बटणं काढतात, चेन काढतात, कापड फाडतात, रंगारंगाचे ढीग लावतात. मग मशीनमध्ये घालून ते पिंजतात, पुन्हा सूत काढतात, पुन्हा कांबळं विणतात. पूर आला, भूकंप झाला की मदतीच्या गाडीतून जाडीभरडी कांबळी वाटतात ना, त्यातली कितीतरी इथलीच. कोट कुणाचा होता ते कांबळ्याला माहीत नसतं. जोडीदाराची रात्रपाळी होती, दिवस मोकळा होता. तो म्हणाला, "चल, तुला तुमची लढाई दाखवतो." तो बिहारचा. त्याच्याही लेखी मी मराठाच.

म्युझियम फार मोठं नाही. हरियाणातली खापरं, मूर्ती, शिलालेख, नाणी, हत्यारं, चिलखतं. आणि पानिपतच्या तीन लढाया. १५२६ ला बाबर आणि इब्राहिम लोदी. १५५६ ला अकबराची फौज आणि हेमू. १७६१ ला अब्दाली आणि आपला भाऊ. 'आपला' म्हणालो बघा! शाळेत चौथीला असताना मास्तरांनी ही लढाई शिकवली तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. शेवटच्या बाकावर बसून रडलो होतो. कुणासाठी रडलो, हे आता या वयात, या दालनात उभं राहून विचारायची पाळी आली.

नकाशे आहेत, जुन्या चित्रांच्या मोठ्या केलेल्या प्रती आहेत. चित्रात हत्ती, घोडे, तोफा, झेंडे. सरदार ओळखू येतात, कारण ते मोठे काढलेत. बाकी सगळे तांदळाएवढे.

हकिकत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाला हरवून सदाशिवरावभाऊ मार्चमध्ये उत्तरेला निघाला. बरोबर पेशव्याचा पोरगा विश्वासराव. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली. पगाराला पैसा नव्हता म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उचकटून वितळवलं. ऑक्टोबरात कुंजपुरा मारला. तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडं आला आणि दिल्लीची वाट बंद झाली. मग अडीच महिने पानिपतात कोंडलेली छावणी. रसद आणणारा गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारला गेला. दाणा संपला, चारा संपला. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीचे दिवस, उपाशी माणसं लढायला उभी राहिली. दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी रान पेटवलं होतं. विश्वासरावाला गोळी लागली आणि सगळं विस्कटलं.

आता पुस्तकं काय सांगतात? का हरलो? याला चार-पाच कारणं ठरलेली आहेत. होळकर निघून गेले, जाटांना दुखावलं, गनिमी कावा सोडला. आणि एक कारण जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतंच. बाजारबुणगे. लढणाऱ्यांच्या मागं न लढणाऱ्यांचं लटांबर फार होतं, त्यांनी धान्य खाल्लं, त्यांच्यामुळं फौज जड झाली. लढणारे पन्नास-साठ हजारांच्या घरात धरतात आणि न लढणारे त्याहून कितीतरी जास्त. आकड्यांवर इतिहासकारांचं एकमत नाही. बुणग्यांच्या दोषावर मात्र बऱ्यापैकी आहे.

आमची आजी आम्हा पोरांना रागावली की म्हणायची, "कुठं हिंडत होता रं बाजारबुणग्यांनो?" मला वाटायचं ही नुसती शिवी. पानिपतच्या नकाशासमोर उभं राहिल्यावर कळलं, ही शिवी नाही, हे पद आहे. हुद्दा आहे.

कोण होते हे बुणगे? यात्रेकरू होते. फौजेच्या आडोशानं काशी-प्रयाग करू म्हणून निघालेले, त्यात भटभिक्षुकही आले. सरदारांच्या बायका आणि त्यांचा लवाजमाही होता. ते सोडा. बाकीचे कोण? घोड्याला गवत कापणारा. नाल ठोकणारा. पखालीनं पाणी भरणारा. जीन शिवणारा. तोफ ओढायचा दोर वळणारा. मशाल धरणारा, तंबू ठोकणारा, उंट हाकणारा, लीद काढणारा, मेलेलं जनावर ओढून नेणारा. या कामांशिवाय पन्नास हजारांची फौज एक मुक्काम पुढं सरकत नाही. आणि गावगाड्यात ही कामं कुणाच्या वाट्याला होती? दोर कुणी वळायचा, कातडं कुणी कमवायचं, मेलेलं ढोर कुणी ओढायचं, हे काय मी नव्यानं सांगू? पुण्यात ठरलेली वाटणी नर्मदा ओलांडली म्हणून पुसली गेली असेल होय? तेव्हा 'बुणगे' या एका शब्दात कुणाकुणाचे आजे-पणजे कोंबलेत, ते ज्याचं त्यानं ओळखावं.

काशीराज पंडित नावाचा एक दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. तो तिथं हजर होता आणि त्यानं सगळी हकिकत लिहून ठेवलीय. त्यात वेढ्याच्या दिवसांतली एक रात्र आहे. छावणीतले हजारो लोक सरपण-चारा आणायला अंधारात बाहेर पडले. अफगाण घोडेस्वारांनी गाठलं आणि कापून काढलं. ही माणसं जेवायला नव्हती बाहेर पडली. लढणाऱ्यांच्या चुली पेटाव्यात, घोडी जगावीत म्हणून गेली होती. लढाईच्या आधी मेली म्हणून ती लढाईत मेलेली नाहीत. हा इतिहासाचा हिशेब.

हा हिशेब मला चांगला कळतो. एका गिरणीत मी सात महिने ठेक्यावर साच्यासमोर उभा होतो. मस्टरला माझं नाव नव्हतं. ठेकेदाराच्या वहीत होतं, तेही नाव नव्हे, 'माणसं ६' असं. त्या सहातल्या एका पोराचं बोट रिंग फ्रेममध्ये गेलं. मस्टर काढून बघितलं तर तो त्या दिवशी कामावर नव्हताच. त्या महिन्यातही नव्हता. मग बोट कुणाचं गेलं? कुणाचंच नाही.

लढाईनंतर एका सावकाराचं पत्र निघालं आणि वाटेत असलेल्या नानासाहेब पेशव्याच्या हाती पडलं. शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं आहे ते. उघड लिहायचं भ्या, म्हणून सांकेतिक भाषा. मोती दोन गेले, म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. मोहरा सत्तावीस गेल्या, म्हणजे सरदार. आणि रुपये, खुर्दा किती गेला त्याला मोजदाद नाही. मास्तर हे सांगताना गहिवरायचे. मी या पत्राकडं आता गिरणीवाल्याच्या नजरेनं बघतो. सावकार मोठा प्रामाणिक माणूस. जे त्याच्या वहीत मोजायचं होतं ते त्यानं मोजलं. मोती नगानं मोजतात, मोहरा नगानं मोजतात. खुर्दा पसाभर घेतात आणि टाकतात. मोजला नाही, कारण गेला तरी कुणाला विचारायचं नव्हतं.

विश्वासरावाचं प्रेत सापडलं, शुजाउद्दौल्यानं रदबदली केली, रीतसर अग्नी दिला. भाऊचं म्हणून एक धड मिळालं, त्यालाही दिला. तरी भाऊ मेल्याची खात्री पटेना, इतकी की पुढं भाऊचा तोतया निघाला, पुण्याच्या दरबाराला त्याची चौकशी करावी लागली आणि १७७६ मध्ये त्याला मारलं. मोती हरवला तर पंधरा वर्षं शोध चालतो. खुर्द्याचा तोतया कधी निघाल्याचं कुणी ऐकलंय?

पण खुर्द्यातलं एक नाणं वहीत सापडतं. राणेखान. पाणी भरणारा भिस्ती. महादजी शिंदे रणातून पळताना एका अफगाण स्वारानं गाठून त्याच्या पायावर घाव घातला. जन्मभराचा लंगडा झाला. तो पडलेला असताना राणेखानानं त्याला आपल्या पखालीच्या बैलावर घातलं आणि दक्षिणेला सुखरूप आणलं. महादजी विसरला नाही. राणेखानाला सरदार केलं, भाऊ मानलं. महादजीबद्दल माझ्या मनात यासाठी आदर आहे, खोटं कशाला बोलू. पण विचार करा. त्याच दिवशी त्याच रानात किती पखालवाल्यांनी किती जखमींच्या तोंडात पाणी घातलं असेल? ते जखमी महादजी नव्हते. म्हणून ते पखालवालेही राणेखान झाले नाहीत. खुर्द्यातला पैसा मोहरेला चिकटला तरच तो मोजला जातो.

खर्ड्याची १७९५ ची गोष्टही त्याच जातीची. पटवर्धनांच्या फौजेत शिदनाक महाराचा तंबू सवर्णांच्या तंबूंत लागला म्हणून ओरड झाली. एका म्हाताऱ्या सरदारानं सुनावलं की ही काय जेवणाची पंगत आहे? शिदनाकाचं नाव आपल्या लोकांनी जपलंय, अभिमानानं जपलंय. त्याच लढाईत त्यानं परशुरामभाऊ पटवर्धनाचा जीव वाचवला, असं सांगतात. म्हणजे पुन्हा तेच. सरदाराचा जीव वाचवल्याची पावती.

आपलं नाव आपल्याच मरणावर लिहिलं गेलं ते कोरेगावच्या खांबावर. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. मेलेल्या ४९ जणांची नावं त्यावर आहेत आणि त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथं जाऊन उभे राहिले. कंपनीला आपला कळवळा होता म्हणून नावं कोरली असं मी म्हणणार नाही. कंपनी व्यापारी होती. पगार द्यायची म्हणून हजेरी ठेवायची, आणि हजेरीत नाव असलं की मेल्यावर ते खाली उतरवता येतं. एवढंच. आणि तोच कारकून १८९२ च्या सुमाराला त्याच मस्टरमधून महारांना खोडून मोकळा झाला. पलटणीचे दरवाजे बंद. पण दगडावरचं नाव खोडायचं राहिलं. तेवढ्या राहिलेल्या जागेवर आपण आज पाय रोवून उभे आहोत.

दुपारी काळा आंब बघायला गेलो. शहरापासून थोडं बाहेर, शेताच्या बाजूला. इथं एक आंब्याचं झाड होतं, रक्तानं काळं पडलं म्हणतात. झाड वाळलं तेव्हा त्याच्या लाकडाचे दरवाजे केले आणि राणी व्हिक्टोरियाला नजर केले, असंही तिथं सांगतात. झाडाच्या जागी विटांचा स्तंभ आहे, भोवती कठडा. झाडाचं लाकूड कुठं गेलं हे लोकांना सांगता येतं. मी स्तंभाभोवती दोनदा फिरलो. कोरेगावची सवय. नावं शोधत होतो.

दर १४ जानेवारीला इथं मोठा जमाव जमतो. हरियाणातल्या रोड समाजाचे लोक म्हणतात, आम्ही पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज. रखवालदारानं मला चहा पाजला तो त्याच ओढीनं. त्यांचं बरोबर की चूक, यात मी पडत नाही. माझ्या डोक्यात दुसरेच वंशज फिरत होते. पकडलेल्या हजारो बायापोरांना अफगाणांनी गुलाम करून नेलं. तिकडं बलुचिस्तानात बुगटी टोळीत 'मरहट्टा' नावाचे लोक आहेत, पिढ्यान् पिढ्या टोळीची हलकी कामं करत आलेले. ते त्याच कैद्यांची औलाद मानले जातात. म्हणजे तिथं 'मरहट्टा' ही खालची जात झाली. त्यांच्यात कुणाचा पणजा पाटील असेल, कुणाचा महार. तिथं दोघं एकाच पंगतीला बसले. पंगत गुलामांची होती, एवढंच.

परत म्युझियमच्या रस्त्यानं आलो. रखवालदार दारातच होता. म्हणाला, सकाळी वहीत सही राहिली. मोठी वही होती. नाव, गाव, तारीख, अभिप्राय. वरच्या ओळींत पुण्याची, साताऱ्याची, कोल्हापूरची माणसं. अभिप्रायात सगळीकडं जयजयकार. मी आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं, गावाचं लिहिलं, पुढं कंसात राजवाडाही लिहिलं. अभिप्रायाच्या जागी लिहिलं, 'बुणगे किती होते, त्यांचीही एक पाटी लावा.' मराठीत लिहिलं, पण लिपी एकच, त्यानं बोट ठेवून वाचलं.

"बुणगे? ये कौन थे?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "हमारे लोग."

तो म्हणाला, "मराठा?"

त्याला सगळं सांगायचं तर संध्याकाळ पुरली नसती. जोडीदाराची दहाची पाळी होती, आणि थंडी पडायला लागली होती. मी त्याच्या शेजारी टेकलो आणि सांगायला सुरुवात केली. जोडीदार दोनदा घड्याळ बघून पुढं निघून गेला.